पाच मिलिमीटरची चकती

स्पेसर म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गाडीचं चाक ज्या गोल तबकडीवर बोल्टने आवळलेलं असतं तिला हब म्हणतात. हब आणि चाक यांच्या मध्ये एक चकती घातली की चाक तेवढंच बाहेर येतं. ती चकती म्हणजे स्पेसर. बास. तीन मिमीपासून पन्नास मिमीपर्यंत कुठल्याही जाडीचे मिळतात, घरबसल्या मागवता येतात आणि लावायला अर्धा तास लागतो. म्हणूनच जरा भीती वाटते.

बहुतेक लोक हे दिसण्यासाठी लावतात. चाक मडगार्डच्या काठाला आलं की गाडी रुंद दिसते, जमिनीला धरून बसल्यासारखी वाटते. यात मला काही पाप दिसत नाही. आपणही कॉलेजात असताना सायकलच्या चाकात मणी ओवलेच होते की. पण काही वेळा स्पेसर खरोखर लागतो, आणि आमच्या घरात नेमकं तसंच झालं.

माझा मामेभाऊ सोलापुरात असतो, होटगी रोडला. त्याच्याकडे सेकंडहँड पोलो आहे. भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये बंद झालं आणि तेव्हापासून ज्यांच्याकडे ती आहे ते तिच्याकडे जरा जास्तच मायेने बघतात. या पठ्ठ्याने कुणाकडून तरी सोळा इंची अलॉय व्हील्स जुन्यात घेतली, टायरसकट. देणारा घेऊन मोकळा झाला, परत घेणार नव्हता. मग मला फोन. "दादा, पंचवीसचे स्पेसर मागवलेत. कसली दिसंल बघ गाडी!"

मी म्हटलं, थांब. शनिवारी येतो. हात लावू नकोस.

शुक्रवारची हुतात्मा पकडून गेलो. सकाळी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक काढलं, आणि टायरच्या आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीचा एक चकचकीत पट्टा दिसला. बाकी सगळा टायर धुळीने माखलेला आणि तेवढाच भाग आरशासारखा. आदल्या आठवड्यात पाचजण बसून अक्कलकोटला जाऊन आले होते. गाडी भरली, वळणावर दबली, की टायर शॉकअपच्या नळीला घासत होता. टायरची बाजूची भिंत ही त्याची सगळ्यात पातळ जागा. ती अशी घासून घासून एक दिवस पुणे हायवेला शंभरच्या स्पीडला फाटली असती, आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा मामा-मामी असतात. आता प्रश्न दिसण्याचा राहिलाच नव्हता.

का घासत होता? इथे थोडं गणित करू, सॉफ्टवेअरवाल्यांनी घाबरू नये. चाकाच्या मागच्या बाजूला शिक्का असतो. जुन्या चाकावर होतं ६ जे आणि ईटी ४०, नव्यावर ७ जे आणि ईटी ४५. पहिला आकडा रिमची रुंदी इंचांत. दुसरा म्हणजे ऑफसेट: चाकाच्या बरोब्बर मधल्या रेषेपासून हबवर टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते. ईटी जेवढा मोठा तेवढं चाक आत. नवीन रिम एक इंचाने, म्हणजे २५.४ मिमीने रुंद. त्यातले निम्मे, १२.७, आत गेले. वर ईटीच्या फरकाचे ५. एकूण १७.७ मिमी चाक शॉकअपकडे सरकलं. बाहेरच्या बाजूला मात्र १२.७ वजा ५, म्हणजे फक्त ७.७ मिमी. म्हणून बाहेरून बघताना काहीच कळत नव्हतं आणि आत राडा झाला होता. (टायरचा फुगवटा वेगळा धरावा लागतो, पण अंदाज एवढ्याने येतो.)

मामांनी चष्मा लावला आणि आतून फीलर गेज आणलं. मामा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, पण त्यांची लाकडी पेटी अजून कपाटात आहे आणि त्यातला व्हर्नियर माझ्या वयाचा असेल. चाक परत लावून, गाडी जमिनीवर ठेवून त्यांनी पात्यांवर पाती चढवत फट मोजली. तीन मिमी. रिकामी गाडी, स्टिअरिंग सरळ. त्यात आमच्याकडची काळी माती पावसात टायरला कशी चिकटते ते सोलापूरकरांना सांगायला नको. तीन मिमीची फट तिने एका पावसात भरून टाकली असती.

मग त्यांनी दोऱ्याला एक नट बांधला आणि मडगार्डच्या काठावरून ओळंब्यासारखा खाली सोडला. टायर दोऱ्यापासून ११ मिमी आत होता. म्हणजे पाचचा स्पेसर घातला तर आतली फट ८ होते आणि बाहेर अजून ६ शिल्लक राहतात. पंचवीसचा घातला तर टायर १४ मिमी मडगार्डच्या बाहेर.

"दिसंल की पण भारी," भाऊ म्हणाला. मामांनी उत्तर दिलं नाही. ते खोक्यातला स्पेसर काढून मोजत होते.

तो पंचवीसचा स्पेसर म्हणजे एक नमुना होता. कुठल्याही गाडीला चालावा म्हणून गोल भोकांऐवजी लांबट खाचा. मधलं भोक एवढं मोठं की हबला कुठेच धरणार नाही. ओतीव माल, वर काळा रंग. आणि जाडी? एका बाजूला २५.१, समोरच्या बाजूला २४.६. अर्धा मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण चकतीचा व्यास साधारण दीडशे मिमी आणि टायरचा सहाशेच्या आसपास. म्हणजे टायरच्या काठाला हा अर्धा मिमी दोन मिमी होऊन डोलणार. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग हातात नाचलं असतं आणि पोरगा अलाइनमेंटवाल्याच्या चकरा मारत बसला असता.

पंचवीसला माझा विरोध आणखी एका कारणाने होता. चाक वळतं ते एका कलत्या रेषेभोवती, आणि ती रेषा जमिनीला टायरच्या नेमकी कुठे भेटते हे गाडी बनवणारे फार विचार करून ठरवतात. ती भेट टायरच्या मध्यापासून थोडी बाहेर ठेवली, तर एका बाजूचं चाक वाळूवर आणि दुसरं डांबरावर असताना ब्रेक मारला तरी गाडी सरळ राहायला मदत होते. ऑडीने १९७२ च्या ऑडी ८० मध्ये हे वापरलं आणि तेव्हापासून त्या घराण्यातल्या गाड्यांची ही जणू खूण झाली. चाक पाच मिमी बाहेर काढल्याने त्यात थोडाच फरक पडतो. पंचवीसने अख्खं गणित उलटू शकतं, प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हिसका देतो, आणि बेअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच.

इथे कुणीतरी ट्रॅक्टरचं उदाहरण देणार. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरची मागची चाकं सरीच्या अंतराप्रमाणे आत-बाहेर करतात, मधली तबकडी उलटी करून बसवतात. बरोबर आहे. पण ती सोय कारखान्यानेच दिलेली असते, आणि ट्रॅक्टर टेंभुर्णीच्या पुढे एकशे दहाने जात नाही.

तर मग पाचचा. बाजारात पाचची सपाट चकती मिळते, पण त्यातही एक गोम आहे आणि या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असं माझं मत आहे. हबच्या मध्यभागी एक गळा पुढे आलेला असतो. पोलोत त्याचा व्यास ५७.१ मिमी. कंपनीच्या चाकाचं मधलं भोकही तेवढंच, म्हणून चाक त्या गळ्यावर अलगद बसतं आणि आपोआप मध्यावर येतं. गळा नीट धरत नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम बोल्टच्या निमुळत्या तोंडांवर येतं, आणि ते रस्त्याच्या कडेला घाईत आवळताना कधी जमतं कधी नाही. आमच्या अलॉयचं भोक होतं ७३.१, कारण एकच चाक अनेक गाड्यांना विकायचं असतं. मधली जागा भरायला प्लॅस्टिकची एक कडी दिलेली होती. आता हबचा गळा नऊ मिमी. त्यातले पाच चकतीने खाल्ले की उरले चार, आणि चाकाच्या भोकाच्या तोंडाशी तिरका काठ असतो त्यात तीन जातात. राहिला एक मिमी. त्या एका मिमीवर ती प्लॅस्टिकची कडी आणि तिच्यावर चाक!

मी कागदावर हे सगळं काढून दाखवत होतो. मामा म्हणाले, "कडी कशाला पाहिजे? चकतीलाच गळा ठेवा. आतून सत्तावन, बाहेरून त्र्याहत्तर. दोन्ही कामं एकात होतात."

मी दोन आठवडे स्क्रीनवर याच विषयाचं वाचत होतो, बरं का.

खरंच, ५७.१ आणि ७३.१ मध्ये दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिमी धातू मिळतो. चकती पाचचीच, पण तिचाच गळा चाकात शिरणार आणि हबचा गळा तिच्या आत बसणार. प्लॅस्टिक बाद.

सोलापुरात हे करून घेणं अवघड नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमच्या जीवावर कितीतरी लेथ चालतात. चादरी आणि टॉवेल जगाला दिसतात, पण त्या मागांचे रोलर, पुल्या, बुश कुणीतरी कातून देत असतंच. मामांच्या ओळखीचा टर्नर निघाला. तो पोऱ्याशी तेलुगूत बोलत होता, आमच्याशी मराठीत. त्याने चित्र बघून विचारलं, "लूमचा पार्ट हाय का?" मोटारीचा म्हटल्यावर चित्र परत हातात घेतलं. "लूमचं बिघडलं तर उद्या दुसरं करून देता येतंय. मोटारीचं तसं नसतंय. माल कोणता देताय?"

माल मी पुण्याहून आणून दिला, पुढच्या शनिवारी. ६०६१ टी६ ॲल्युमिनियमचा बार, सर्टिफिकेटसकट. भंगारातल्या ॲल्युमिनियमची चकती दिसायला अगदी तशीच होते, म्हणून इथे पैसे वाचवायचे नाहीत. टर्नरने दोन्ही बाजू कातल्या, बोअर घेतला, हबच्या गळ्याच्या बुडाशी गोलावा असतो म्हणून आतल्या काठाला चांफर मारला, आणि शंभर मिमीच्या वर्तुळावर पाच भोकं पाडली. मामांनी डायल लावून जाडी फिरवून बघितली. फरक दोन शतांश मिमीच्या आत. दोन चकत्यांचे अठराशे रुपये. फक्त पुढच्या चाकांना, कारण मागे आत भरपूर जागा होती आणि जिथे गरज नाही तिथे चकती कशाला?

भाऊ थोडा हिरमुसला होता. मग मी त्याला बोल्ट मोजायला बसवलं.

चाक बोल्टवर लटकलेलं असतं असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. पोलोचा बोल्ट १४ मिमी जाडीचा, आवळायचा १२० न्यूटन मीटरने. एवढं आवळल्यावर एक बोल्ट ढोबळ हिशोबाने चार टनांच्या जोराने चाक हबवर दाबतो. पाच मिळून वीस टन. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं ते दीड दशांश धरलं तरी तीन टन, आणि अख्खी गाडी टनभराच्या थोडी वर. चाक धरून ठेवतं ते हे घर्षण. बोल्ट फक्त दाबायचं काम करतो. म्हणून चकतीच्या दोन्ही बाजू स्वच्छ आणि सपाट लागतात. मध्ये रंगाचा थर, गंज किंवा मातीचा कण राहिला तर तो चालता चालता दबतो, बोल्ट ढिला पडतो आणि वीस टनांचे किती राहिले ते कुणालाच कळत नाही.

आणि दाबायचं तर बोल्टने आत पुरेशी पकड घेतली पाहिजे. साधा नियम: बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढा आत. १४ मिमी. दीड मिमीची आटी, म्हणजे सव्वानऊ-साडेनऊ फेरे. भावाने हाताने फिरवून मोजले: चकतीशिवाय दहा. चकती घातल्यावर पाच भागिले दीड, म्हणजे तीनहून जास्त फेरे कमी. राहिले साडेसहा. त्याने परत मोजले. परत साडेसहा. मग मात्र तो गंभीर झाला. पंचवीसच्या स्पेसरवर जुने बोल्ट लावले असते तर ते आत पोचलेच नसते, हे त्याचं त्यालाच कळलं.

मग पाच मिमी लांब बोल्ट मागवले. त्यातही बघायचं असतं. कंपनीच्या बोल्टचं बूड गोलाकार असतं आणि बाहेरच्या अलॉयला बहुधा निमुळतं, साठ अंशांचं लागतं. गोल बूड निमुळत्या खड्ड्यात बसवलं तर ते एका बारीक रेषेवर टेकतं आणि नंतर ढिलं होतं. सुदैवाने आधीच्या मालकाने निदान हे बरोबर दिलं होतं.

आता कायद्याचं. हे टाळून लिहिणारे बरेच आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दोन चाकांमधलं अंतर वाढवणं हा बदलच, असं माझं वाचन. सात रस्त्यावरचा हवालदार पाच मिमी मोजणार नाही हे खरं. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाक काढून बघतो. म्हणून भावाला सांगितलं की विमा कंपनीला लेखी कळव, आणि ईटी ४० च्या आत-बाहेरची, साडेसहा इंच रुंदीची चाकं मिळाली की ही विकून टाक. सगळ्यात चांगला स्पेसर म्हणजे न लावलेला स्पेसर. हे तात्पुरतं आहे, असं आम्ही तिघांनी मान्य केलंय. (मामेभावाच्या 'तात्पुरतं'ची व्याख्या काय, ते देव जाणे.)

बसवणं मात्र मजेत झालं. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, जॅक. तारेच्या ब्रशने हब घासून चकचकीत केला. चकती हाताने सरकवली. हातोडी लागली तर काहीतरी चुकलंय, आणि हलली तरीही चुकलंय. आमची सरकत सरकत जाऊन टक् करून बसली. मामा काही बोलले नाहीत, फक्त हात पुसले. गळ्याला अगदी पुसट ग्रीस लावलं, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना धरून बसतात. टेकणाऱ्या सपाट बाजूला मात्र थेंबही नाही. बोल्ट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, शेवटी गाडी खाली ठेवून टॉर्क रेंचने १२०. शेजारच्या काकांसकट पाचजण बसवून विजापूर रोडला दोन फेऱ्या मारल्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. पट्टा नाही. शंभर किलोमीटरनंतर परत रेंच लावला तर दोन बोल्ट किंचित सरकले, बाकीचे जागच्या जागी. घासलेले दोन टायर मात्र बदलायला लावले. त्यावर चर्चा नव्हती.

राहिली स्टेपनी. ही गोष्ट पक्की झाल्याशिवाय मी सोलापूर सोडलं नाही. स्टेपनी आहे कंपनीची, स्टीलची, भोक ५७.१. ती आमच्या ७३.१ च्या गळ्यावर बसूच शकत नाही. म्हणजे पुढचं चाक पंक्चर झालं तर आधी चकती काढायची, मग स्टेपनी, आणि तिला कंपनीचे गोल बुडाचे आखूड बोल्ट. लांब बोल्ट मागच्या चाकांना तर चुकूनही लावायचे नाहीत, ते आत जाऊन हँडब्रेकच्या भागांना लागू शकतात. म्हणून पुढच्या लांब बोल्टांच्या डोक्यावर मामीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, आणि कंपनीचे पाच बोल्ट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवले.

मग भावाला म्हटलं, आता समज रात्रीचे अकरा वाजलेत, मोहोळच्या पुढे अंधारात उभा आहेस, मामी गाडीत आहे. कर. मोबाईलचा टॉर्च दातात धरून त्याने चाक काढलं, चकती काढली, पिशवी शोधली, स्टेपनी लावली. पहिल्यांदा सव्वीस मिनिटं लागली, कारण चकती हातात घेऊन "ही कुठं ठेवू?" म्हणून तो पाच मिनिटं उभा होता. दुसऱ्यांदा चौदा. चकतीला आता स्टेपनीशेजारी एक जुनी शेंगा चटणीची बरणी दिलीय, झाकण घट्ट बसतं.